कणगीतल्या मातीच्या पाट्या

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग चीड येते. कळंब तालुक्यात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. खबऱ्यानं बातमी आणली, एका शेतकऱ्याला रानात पुरातन पाट्या सापडल्यात आणि त्या त्यानं घरात दडवल्यात. जुन्या अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेलं तेर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं अशी बातमी आम्ही हसण्यावारी नेत नाही.

पंच घेऊन घरझडती केली. ज्वारीच्या कणगीत तळहाताएवढ्या मातीच्या पाट्या निघाल्या, त्यांवर खिळ्यानं टोचल्यासारखी अक्षरं. पंचनामा करून शेतकऱ्याला ठाण्यात आणलं. तो नुसते हात जोडत राहिला. शेवटी मागोमाग आलेली त्याची बायको बोलली.

"साहेब, आमी इकाया न्हाय लपवल्या. राजाच्या कचेरीचं दप्तर हाय म्हणं हे. कळलं तर सरकार समदं रान घेतंय. म्हणून उद्या खरेदीखत करून देतोय."

"कोण म्हणालं असं?"

"रान घेणारे एजंटच की. त्यांनीच उकरून दावल्या."

जे रान सरकार घेणार, ते हा एजंट कशाला विकत घेतोय?

पुराणवस्तू खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोटो पाठवले. ते म्हणाले, अशा पाट्यांवर धान्याचा, मेंढरांचा सरकारी हिशोब ठेवत, पण तिकडे इराकात. अख्खं राज्य चिखलावर लिहून चालायचं, याची मला भारी गंमत वाटली. पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहू लागलो, तर पाठीवर बारीक उभी-आडवी वीण उमटलेली. आमच्याकडं सांडगे असोत की मिरच्या, वाळवण पडतं ते खताच्या धुतलेल्या पोत्यावर; ही वीण त्याचीच.

एजंटाला बोलावून चहा दिला.

"किती जुन्या असतील?"

"हजारो वर्षांच्या, साहेब."

"मग तेव्हा युरिया कुठं मिळायचा?"

पाटी पालथी करून पुढं ठेवली. त्यानं चहा बाजूला सारला आणि सगळं कबूल केलं. नवा रस्ता तिथून जाणार याची त्याला कुणकुण होती, म्हणून रान आधीच स्वस्तात घेऊन रस्त्याचा मोबदला लाटायला मोबाईलवरची चित्रं पाहून त्यानं पाट्या थापल्या होत्या. फसवणुकीचा गुन्हा दाखल केला.

लबाड माणसं नोकरीभर पाहिली, त्यांचं नवल नाही. पण या नवरा-बायकोला त्या लबाडापेक्षा आमचीच भीती जास्त वाटली. कचेरीत जाऊन एक प्रश्न विचारण्यापेक्षा त्यांना रान विकणं सोपं वाटलं, हे मला लागलं.

दोघं घरी निघाले तेव्हा मी बाईंना म्हणालो, "रान तुमचंच आहे. या पाट्यांपायी कुणी घेत नाही."

त्या दारात थांबल्या. "साहेब, येवढं कागदावर लिवून देता का?"

असा दाखला देण्याचा मला अधिकार नव्हता. तरी मी लिहून दिला, खाली शिक्काही मारला.