निम्मे आटवलेले पाणी

माघ: बॅटरी बनवणाऱ्या कारखान्याचा नाला निगडीच्या आमच्या वसाहतीच्या जलाशयात सोडला गेला. जबाबदार, कारखान्याचे व्यवस्थापक. फाल्गुन: पाणी कळकल्यासारखे, म्हणजे बिनकल्हईच्या पितळी भांड्यातल्यासारखे, लागते, अशी मी लेखी तक्रार केली. जबाबदार, ती निकाली काढणारे पाणीपुरवठा अधिकारी. ज्येष्ठ: माझी पत्नी सुमती हिला लेड पॉयझनिंग, म्हणजे शिशाची विषबाधा, झाल्याचे निदान. जबाबदार, उपरोक्त दोघेही.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा अधिकारी हसले होते. "आजोबा, आधी भांड्यांना कल्हई करून घ्या. आणि पाणी उकळून प्या." उकळण्याची तीच सूचना त्यांनी वसाहतीच्या फलकावर लावली.

चैत्रात सुमतीच्या पोटात कळा येऊ लागल्या. आजाऱ्याला पाणी निम्मे आटवून द्यावे, ही आमच्या घरची रीत. माझ्यासाठी मी एक उकळी काढी; तिचे पातेले मात्र निम्म्यावर येईतो स्टोव्हवरून उतरवत नसे. कळा वाढल्या, तसे तिला तेच पाणी अधिक पाजले.

एके सकाळी वेणी घालताना तिचा उजवा हात मनगटातून खाली लोंबला. त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात: मज्जातंतू दुबळे होऊन पंजा वर उचलता येत नाही.

पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिचा ओठ उचलून हिरडीवरची निळसर रेघ मला दाखवली आणि रक्त तपासायला पाठवले. अहवाल येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. ती म्हणाली, "अहो, कायद्याची कलमं पुटपुटू नका. लोक मलाच वेडी समजतील."

अहवाल वाचून डॉक्टरांनी विचारले, "पाणी कसं देता?"

मी अभिमानाने सांगितले.

त्यांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला. "पाणी आटतं. शिसं तेवढंच राहतं. उकळून जंतू मरतात, धातू जात नाही."

मग चिलेशन सुरू झाले, म्हणजे रक्तातले शिसे बांधून लघवीवाटे काढणारे औषध सलाइनमधून देणे. त्या डॉक्टरांचा मी आजन्म ऋणी आहे. सुमती आता पेला उचलते. वेणी मी घालतो. ती वाकडी येते, हे ती शेजाऱ्यांना सांगते.

वाचकहो, घरात अशा कळा कुणाला येत असतील तर हिरड्या पाहा, रक्त तपासून घ्या आणि उकळण्यावर विसंबू नका. ती सूचना अजूनही फलकावर आहे. आजही घरोघरी पातेली चढत आहेत.

अधिकारी महोदय, उकळण्याचा आदेश देण्यापूर्वी आपण त्या पाण्यातील शिसे तपासले होते काय? उत्तर मला टपालाने नको. त्याच फलकाखाली उभे राहून, सर्व रहिवाशांसमोर द्या: होय की नाही?