धुतलेली अमेरिकन नोट

ज्याचं नुकसान केलं तोच तुमची समजूत घालू लागला, तर तुम्ही तोंड कुठे लपवाल?

ऐंशीच्या दशकात बहारीनला माझ्या खोलीत रत्नागिरीचे एक चाचा राहायचे. शिवणकाम करायचे. एका अमेरिकन गिऱ्हाइकाने त्यांना वीस डॉलरची जुनी, मळकी नोट बक्षीस दिली. तिच्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यातल्या बँकेचं नाव होतं; पूर्वी तिथे गावोगावच्या बँकांच्या नावाने नोटा निघत. तिथल्या मनामा शहराच्या बाजारातला जुन्या नोटांचा व्यापारी म्हणाला, "अशा नोटा दुर्मिळ. घेऊन या, गावी जायचं विमानाचं तिकीट निघेल." चाचांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

चांगला भाव यावा म्हणून मी ती नोट साबणाने धुतली, वर इस्त्रीही केली.

व्यापाऱ्याने ती उजेडात धरली. "धुतलीत? खलास. आता फक्त वीस डॉलर."

लाल बावट्याची पत्रकं वाचून वाढलेला मी, ओरडलोच, "माणसाच्या घामाला भाव नाही आणि कागदावरच्या मळाला आहे?"

चाचांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. "गप रे कॉम्रेड! तू तर अख्खी अमेरिकाच धुऊन काढलीस," म्हणत ते हसले.

लग्नाला ते जाऊ शकले नाहीत. माझा संताप खरा होता, पण त्याने तिकीट निघालं नाही.

कुणाची जुनी नोट हाती आली तर कृपा करून तिला पाणी लावू नका. आहे तशी जाणकाराला दाखवा.