दहा चिठ्ठ्यांची घागर

दुष्काळात आमच्या गावच्या दूध संस्थेकडं चारा आला, तो फक्त तीन सभासदांना पुरेल इतका. मागणारे दहा. चेअरमननं दहा नावांच्या चिठ्ठ्या घागरीत टाकल्या आणि तीन काढल्या. तिन्ही त्याच्या सख्ख्या भावांच्या निघाल्या. "नशीब हाय, दुसरं काय," तो म्हणाला. वडिलांनी मान डोलावली आणि आठवड्याच्या आत आमच्या दोन्ही म्हशी विकल्या.

पुढं अंबाजोगाईच्या कॉलेजात कॉम्बिनेशन शिकले, तेव्हा मला ती घागर आठवली. दहातून तीन चिठ्ठ्या एकशेवीस प्रकारे निघू शकतात. तिन्ही भाऊच निघण्याचा प्रकार त्यातला एक. वडील मरेपर्यंत नशिबाला बोल लावत राहिले. मी नाही लावला.

आता मी गणित शिकवते. अकरावीच्या चाचणीत दरवर्षी हाच प्रश्न घालते, घागरीसकट, भावांसकट. यंदा त्या चेअरमनची नात माझ्या वर्गात आहे. तिनं उत्तर बरोबर काढलं आणि खाली स्वतःहून लिहिलं, 'चेअरमनने लबाडी केली असणार.'

मी पूर्ण गुण दिले. पालकांच्या सहीच्या जागेपाशी लाल शाईनं लिहिलं: आजोबांचीच सही आणणे.