गोरं मेहूण

दुपारचं जेवण जड झालंय आणि डोळे आपोआप मिटतायत. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून आग्रहानं वाढायचे, ही रीत. पण आग्रह करायला सासू लागते, आणि यंदा ती नाही. म्हणून कुंदानं सकाळीच येऊन, माहेरच्या ओट्याशी उभं राहून, आपल्याच मानाचं जेवण आपणच रांधलं. वाढता वाढता दोनदा आत जाऊन डोळे पुसून आली.

अप्पा दिवाणावर कुशीला वळतात. अप्पा म्हणजे सोपान झांबरे, भुसावळच्या लोकोशेडमधले जुने फिटर. बायको, द्वारका, गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. तेव्हापासून झोप म्हणजे नुसतं पडून राहणं. लागते असं वाटतं आणि घरातलं सगळं ऐकूही येत असतं. आताही भिंतीपलीकडून कुंदाचा दबका आवाज येतोय.

"तुम्हाला काय गरज होती सांगायची?"

"अगं, अप्पांनीच विचारलं. सासूबाईंचा तो सिनेमातला जोडा कोण होता, मोबाईलवर बघा म्हणाले. सापडला. लिहिलं होतं ते वाचलं."

"मनात वाचायचं!"

हे जावई, भास्करराव. माणूस वाईट नाही. हौसेनं शोधलं आणि हौसेनंच वाचून दाखवलं. तो काडीसारखा उंच नाचणारा आणि ती सोनेरी केसांची, दोघांनी मिळून कितीतरी सिनेमे केले, पण नवरा-बायको ते कधीच नव्हते. त्याची बायको वेगळी, तिचा नवरा वेगळा. काम संपलं की दोघं आपापल्या घरी. कुंदाला हसू आवरलं नाही. "आणि आई त्यांना मेहूण म्हणून जेवायला घालायची!" अप्पाही हसले. पण त्यानंतरचा घास काही उतरेना.

द्वारका भोळी निघाली, याचं त्यांना काही नाही. टोचतंय ते वेगळंच. तिनं उभ्या जन्मात डोळे भरून बघितली ती एक जोडी. तीच खोटी निघाली, तर तिच्या वाट्याला खरं म्हणून काय आलं? ग्रीसच्या हातांचा, कमी बोलणारा एक फिटर. तुला हे मनापासून आवडत होतं का गं, की भागवून घेत होतीस? ती होती तोवर हे विचारायचं सुचलं नाही. आता सुचलंय, तर विचारायचं कुणाला?

पंखा खडखडतोय. खडखड हळूहळू एकसारखी होते, बारीक होते, आणि मग ती पंख्याची राहत नाही. सिनेमाच्या रिळाची होते.

दिवाणाचा बाक झालाय. रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल आहे, शनिवारचा इंग्रजी सिनेमा लागलाय. पुढं खुर्च्यांवर ड्रायव्हर, गार्ड आणि त्यांच्या फ्रॉक घातलेल्या बायका. मागं बाकांवर शेडची माणसं. अप्पांच्या डाव्या हाताला द्वारका बसलीय. दुखण्याच्या आधीची, त्याच्याही खूप आधीची. डोक्यावरचा पदर दातांत धरून ती पडद्याकडे बघतेय.

ती गेलीय हे अप्पांना माहीत आहे. तिलाही माहीत असावं. पण सिनेमा चालू असताना असलं काही काढू नये, असं दोघांनाही वाटतंय.

"द्वारका, एक विचारायचं होतं."

"थांबा हो. आता ते भांडून राहिले. भांडण झालं की गाणं लागंल."

"काय बोलतात ते कळतं तुला?"

"तोंडाचं नाही कळत. पायांचं कळतं."

पडद्यावर ती सोनेरी केसांची बाई तोंड फिरवून चाललीय. तो आडवा येतो, काहीतरी म्हणतो. ती मान हलवते. नाही. पण घोळदार झग्याखाली तिच्या बुटाचं टोक जमिनीवर टक करतं. तो टकटक करतो. ती पुन्हा एकदा, नको असताना केल्यासारखं, टक.

"बघा," द्वारका कोपरानं ढोसते. "तोंड नाही म्हणून राहिलं आणि पाय कधीचा हो म्हणाला."

मग ते नाचतात. घासलेल्या परातीसारखी जमीन चकाकतेय. चार पाय, पण आवाज दोनाचाच येतो. मधूनच तो तिला सोडून देतो, आता पडणार असं वाटतं, आणि ती पडत नाही. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नाही. पुढच्या रांगेतला लठ्ठ गार्ड सिगारेट ओढायचं विसरलाय.

"मागच्या खेपेला यांचं लग्न लागलं होतं की," अप्पा म्हणतात. "तेव्हा तो डॉक्टर होता. आज ओळखसुद्धा नाही?"

"तो मागचा जन्म झाला," द्वारका पडद्यावरची नजर न काढता सांगते. "नाव नवं, धंदा नवा, गाव नवं. मागलं काहीच आठवत नाही. आणि फिरून फिरून त्याला तीच सापडते. सात जन्म, सात जन्म करत बायका वडाला दोरा गुंडाळतात. कुणी बघितले? मला इथं बाकावर बसल्या बसल्या दिसून राहिले."

आताच सांगायला हवं, असं अप्पांना वाटतं. ते सांगून टाकतात.

"द्वारका, ते दोघं नवरा-बायको नव्हते."

रीळ तुटतं. पडदा पांढरा होतो. मागचे लोक शिट्ट्या मारतात, शिट्टी लांबत जाते, आणि इंजिन धाप टाकत फलाटाला लागतं.

बाक तोच आहे, फक्त आता तो भुसावळच्या फलाटावर आहे. समोरच्या बाकावर ते दोघं बसलेत. हा या टोकाला, ती त्या टोकाला. त्याचा काळा लांब शेपटीचा कोट मांडीवर घडी करून ठेवलाय. तिनं बूट काढलेत आणि घोटा चोळतेय. त्याला मुंबईकडे जायचंय, तिला नागपूरकडे. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत.

"बघ," अप्पा हळूच म्हणतात. "बोलत नाहीत."

"दमलेत. पाळी सुटलीय त्यांची. तुम्ही पाळीवरून आल्यावर कुठं बोलायचे? चहा पिऊन भिंतीकडे तोंड करून निजायचे."

"आपलं वेगळं."

"तिचे पाय बघा किती सुजलेत. एवढं नाचायचं आणि वरून हसत राहायचं. माय माय माय." द्वारका उठते, पितळी तांब्यातून तिच्या पायावर पाणी घालते. ती गोरी बाई डोळे मिटून घेते. अप्पांना याचं अजिबात नवल वाटत नाही. त्यांना घाई आहे.

"द्वारका, ऐक. मला तो नाच कधी आला नाही. साधी टाळी वाजवायला सांगितलं तरी माझी मागं-पुढं पडायची. तुला कधी..."

"इथं उभे राहून काय बोलता? आत चला. पानं वाढलीत."

फलाटाच्या दारातून आत गेलं की रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आहे. धुरानं डोळे चुरचुरतात. देवासमोर केळीची दोन पानं मांडलीत, पुरण, कढी, भजी, सगळं साग्रसंगीत. मेहुणाची पानं. गोऱ्यांची.

असंच असायचं. माणसं सातासमुद्रापलीकडची, जेवायला येणार कुठून? म्हणून द्वारका त्यांच्या नावानं पानं वाढून देवाला दाखवायची. मग प्रश्न यायचा, मेहुणाची पानं, वाया घालवायची नाहीत, आणि एकट्यानं तर मुळीच खायची नाहीत. जोडप्यानंच बसायला हवं. घरात जोडपं एकच होतं.

आधी धोंड्याच्या महिन्यात व्हायचं. मग श्रावणात होऊ लागलं. मग चैत्रात. पलीकडच्या अंधारातून अप्पांच्या आईचा आवाज येतो, जसा तेव्हा यायचा.

"द्वारके, तुझे हे गोरे फारच जेवायला येऊन राहिले गं."

"पुण्य लागतं, आत्याबाई," द्वारका जोरात म्हणते, आणि अप्पांकडे बघून डोळे मिचकावते.

ती पाटावर बसते. डाव्या बाजूला. अप्पा उभेच आहेत.

"तुला माहीत होतं?"

"मेरीबाईनं पहिल्याच वर्षी सांगितलं. आपल्या गार्डसाहेबाची मेरीबाई. किती हसली मला. त्याची बायको वेगळी आहे म्हणाली, बघितलाय फोटो."

"आणि तरी तू मेहूण म्हणून..."

"मग काय झालं? मेरीबाईला माहीत होतं. तुमच्या आईला कुठं माहीत होतं!"

अप्पा खाली बसतात. तिच्या शेजारच्या पाटावर.

"सगळ्यांत शेवटी जेवायचे मी," द्वारका पानावरची भजी मोजल्यासारखी नीट करत म्हणते. "आधी तुम्ही, मग मुलं, मग आत्याबाई. मग पातेल्यात असेल ते. त्याचं काही नाही, सगळ्या बायका तशाच जेवायच्या. पण लग्नात एकदाच तुमच्या शेजारी बसले होते जेवायला. भूक एवढी लागली होती, आणि लाजेनं एक घास उतरला नाही. मला तुमच्या शेजारी बसून नीट जेवायचं होतं. पोटभर. कुणी काही न म्हणता."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी म्हणजे? आत्याबाई गेल्यावर एकदा तरी मांडली का मी गोऱ्यांची पानं?"

अप्पा आठवून बघतात. आई गेली त्या वर्षीचा श्रावण. त्याच्या पुढचा. धोंड्याचे महिने, एकामागून एक. नाहीच. आई गेल्यापासून स्वयंपाकघरात रोज दोन ताटं शेजारी शेजारी असायची, आणि गोरं मेहूण पुन्हा कधी जेवायला आलं नाही. इन्स्टिट्यूटचे सिनेमे बंद पडले म्हणून ती विसरली असेल, एवढंच त्यांना वाटलं होतं.

"पण मी तसा नव्हतो," ते म्हणतात. "नाचणारा."

"नाचणारा बघायला आपण जायचोच की. बघून झाला की घरी यायचो. जेवायला मला तुम्ही लागायचे."

चुलीतलं लाकूड खाली बसतं. दारातून फलाट दिसतो, गाड्या दोन्ही निघून गेल्यात. बाक रिकामा आहे. अप्पांना रडू येतं, पण पानावर रडायचं नाही, म्हणून ते मान खाली घालून बसतात.

"घास द्या," द्वारका म्हणते. "नाव घेऊन द्या. लग्नात दिला तसा."

"लग्नातसुद्धा मला उखाणा येत नव्हता."

"तुमच्या मावशीनं कानात सांगितला आणि तुम्ही अर्धा विसरला. ठाऊक आहे. द्या."

अप्पा पुरणाचा घास करतात. काहीतरी जुळवून म्हणावं म्हणून ते थांबतात, काही जुळत नाही.

"द्वारका," ते म्हणतात.

"एवढंच?"

"एवढंच येतं."

ती तोंड पुढं करते आणि घासाबरोबर त्यांचं बोट कचकन चावते.

"आई गं!"

"लग्नात चावायचं राहून गेलं होतं," ती भरल्या तोंडानं हसते. "सगळ्या चावतात. मी मेली लाजले."

आता ती उठेल हे अप्पांना कळतं. जेवण झालेली बाई उठते. ते तिचा पदर धरायला बघतात, पदर हाताला लागतो तेव्हा तो उन्हासारखा असतो, गरम आणि पातळ.

"पुन्हा कधी?"

"पुढच्या सिनेमात," ती दारातून म्हणते. "पण मला लगेच ओळखायचं नाही, सांगून ठेवते. आधी भांडावं लागतं."

पंखा खडखडतोय.

खिडकीतून उन्हाची पट्टी दिवाणावर सरकून आलीय. अप्पा आढ्याकडे बघत पडून राहतात. मग उजव्या हाताचं पहिलं बोट ठणकतंय हे त्यांच्या लक्षात येतं. ते बोट उन्हात धरतात.

पेरावर दातांच्या दोन खुणा आहेत. लाल, खोल, ताज्या. दोहोंच्या मध्ये चांगली तांदळाएवढी फट. द्वारकेचे पुढचे दात तसेच होते, म्हणून ती लोकांसमोर हसताना पदर तोंडाला लावायची.

अप्पा जीभ हिरड्यांवरून फिरवतात. कवळी खिडकीत वाटीतल्या पाण्यात आहे. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नाही.

"अप्पा, उठलात? चहा आणलाय." कुंदा आत येते, कप स्टुलावर ठेवते. "झोप लागली का? ह्यांच्या बोलण्याचं काही मनात धरू नका हं. कवळी देऊ?"

"ऱ्हाऊ दे."

"हाताला काय झालं?"

"काही नाही."

"बघू."

"काही नाही म्हटलं ना."

कुंदा पुढं केलेला हात मागं घेते. वडील असे तोडून कधी बोलत नाहीत. मग ती त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करून निघून जाते. आत भास्कररावांना काहीतरी सांगते, कप-बशा वाजतात.

ठणका कमी होत चाललाय. खुणाही उतरत असणार. अप्पा बघत नाहीत. उठून बसत उजवी मूठ घट्ट मिटून ती छातीशी धरतात आणि डाव्या हातानं कप उचलतात. सवय नसल्यानं चहा सदऱ्यावर सांडतो. तो पुसायला दुसरा हात लागेल. ते तसेच बसून राहतात.