थेंबकाका आणि न धुतलेलं भांडं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबकाका म्हणत. अठ्ठावीस वर्षं ते एकच यंत्र सांभाळत होते. यंत्राच्या पोटात एक चिमुकली वाटी. वाटीत प्रथिनाचं द्रावण भरायचं, वरून सुईने औषधाचे थेंब सोडायचे आणि दोघं एकमेकांना धरताना जी किंचित ऊब सुटते ती मोजायची. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की घरी चहातसुद्धा ते अर्धा चमचा साखर घालून थांबत, ढवळत, मग पुढचा अर्धा. बायको म्हणे, "तुमचा चहा होईपर्यंत माझी भाजी चिरून होते."

त्या शनिवारी एक संशोधक मुलगी बर्फाचा डबा छातीशी धरून आली. डब्यात प्रथिनाची शेवटची कुपी होती, यंत्र एकदा भरेल एवढीच. नवीन करायचं तर दोन महिने, आणि तिला तर पुढच्या महिन्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं. आज आलेख आला नाही, तर तीन वर्षांचा प्रबंध लटकणार होता.

काकांनी पेन्सिल घेऊन वही उघडली. "तापमान पंचवीस. थेंब एकोणीस. पहिला अगदी बारीक, तो हिशेबात धरायचा नाही. सुई वाट बघत असते तेव्हाच थोडी गळते."

"काका, दोन थेंबांमध्ये दीड मिनिट ठेवू या ना. लवकर उरकेल."

"गाडी सुटतेय का तुझी? पहिला थेंब पचायच्या आत दुसरा कोंबलास तर आलेखाची रेघ जागेवर येणार कधी? अडीच मिनिटं."

"बरं. औषध प्रथिनाच्या दहापट तीव्र केलंय."

"शाबास. आता सांग, प्रथिन कशात आहे?"

"बफरच्या खारट पाण्यात. दोन दिवस पिशवीत घालून त्यातच बुडवून ठेवलं होतं."

"आणि औषध?"

"त्याच बफरमध्ये. म्हणजे... सकाळी ताजं केलं. माप अगदी तेच."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुझ्या मापावर माझा विश्वास आहे गं, पण यंत्राचा नाही. कणभर मीठ इकडचं तिकडे झालं, तरी दोन पाणी मिसळतानाच ऊब सुटते. त्या गोंधळात तुझी खरी ऊब कुठली ते कळायचं नाही. प्रथिन ज्या पाण्यात बुडालं होतं, त्याच पाण्यात औषध विरघळायला हवं. औषधाची पूड उरलीय ना?"

"पूड आहे."

"आणि ते पाणी?"

मुलीने जीभ चावली. "शीतखोलीत, मोठ्या भांड्यात. धुवायचं राहिलंय. ओरडू नका हं."

ओरडायला काकांना सवड कुठली! शीतखोलीच्या दारावर त्यांच्याच अक्षरातली सूचना होती: 'न धुतलेली भांडी शनिवारी दहा वाजता ओतून टाकली जातील.' भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. अठ्ठावीस वर्षांत काका पहिल्यांदा धावले.

शीतखोलीतली फळी रिकामी होती. मोरीवर भांडी धुणाऱ्या मावशींच्या हातात मोठं भांडं होतं आणि ते कललेलं होतं.

"मावशी, थांबा!"

"अगं बाई! केवढ्यानं ओरडता!" मावशी दचकल्या. "दर शनिवारी भांडी पडलीत म्हणून माझं डोकं खाता. आज वेळेवर घेतली, तर थांबा?"

"चुकलो, मावशी. किती ओतलंत?"

"अर्धं गेलं."

"अर्धं पुष्कळ आहे," काका म्हणाले. त्यांना लागणार होतं जेमतेम दोन चमचे. भांडं मात्र दोन्ही हातांनी आणलं.

मुलीने औषध त्या पाण्यात पुन्हा विरघळवलं. काकांनी आधी तेच पाणी वाटीत आणि सुईतही घालून यंत्र चालवलं. रेघ जवळजवळ सपाट आली. मग शेवटची कुपी वाटीत गेली.

पहिला बारीक थेंब पडला. अडीच मिनिटांनी दुसरा. रेघेने खोल बुडी मारली आणि सावकाश जागेवर आली. पुढचा, त्याच्या पुढचा. बुड्या हळूहळू उथळ होत गेल्या. मावशीही हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या थेंबानंतर प्रत्येक बुडीच्या उबेचा एकेक ठिपका मांडून ते जोडले, तेव्हा घसरगुंडीसारखी सुरेख वळणदार रेघ उमटली.

"आली!" मुलीने उडी मारली आणि मावशींनाच मिठी मारली.

"हे माझ्यामुळे झालं का?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही सावकाश ओतत होतात, म्हणून," काका म्हणाले. मग पेन्सिल घेऊन ते शीतखोलीच्या दाराशी गेले आणि सूचनेखाली एक ओळ वाढवली: 'ओतण्याआधी एकदा विचारावे.'

"भांडी धुवायचंही लिहा की," मावशी म्हणाल्या.

"ते तर वर आहेच," काका म्हणाले, आणि मुलीच्या हातात ते भांडं धुवायला दिलं.