दोघींपुरती भिंत

त्या सकाळी मी लिंबायतच्या रिक्षा नाक्यावर डबा घेऊन उभी होते. बेबीताई यायची होती. दोन रिक्षा भरून गेल्या तशी मला तिची चीड आली. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण मनातल्या मनात भांडायला मी कमी नाही. तिसरी रिक्षा लागली तेव्हा तिची सून चालत आली. पायात चप्पल नव्हती. म्हणाली, "मावशी, आई गेल्या. पहाटे छातीत कळ आली..." मी म्हणाले, "बरं." तेवढंच. दीड महिना झाला, त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.

जुन्या घरांच्या भिंतींवरचा वॉलपेपर काढायचं काम आम्ही दोघींनी अकरा वर्षं केलं. रंगारी यायच्या आधी कागद निघाला पाहिजे आणि खालच्या प्लास्टरला ओरखडा नको. पुरुष माणसं घाई करतात, म्हणून मुकेशभाई ठेकेदार आम्हाला बोलवायचे. हे काम मला बेबीताईनं शिकवलं. ती अमळनेरकडची, मी धुळ्याची; दोघी पोटासाठी इकडं गुजरातेत आलेल्या. म्हणायची, "भिंत म्हंजे बाळंतीण वं. गरम पाण्यानं शेकायचं, धसमुसळेपणा नाही करायचा." मी कुंचा घेऊन दारापासून खिडकीपर्यंत कागद भिजवत जायची. ती मागून मूठ लावलेला पातळ पत्रा कागदाखाली घालून सोलत यायची. मी खिडकीशी पोचले की दुसरा पत्रा घेऊन तिकडून सोलायला लागायची, आणि मधोमध आमचे हात एकमेकींना लागायचे. दोघींच्या हातांनी सुकायच्या आत सोलून होईल तेवढीच भिंत भिजवायची, हा तिचा नियम.

बोलायचं काम सगळं तिचं. घरमालकीण काही विचारायला आली की मी कुंच्यात डोकं घालायची. ती सांगायची, "हिला नका विचारू. हिचं तोंड धुळ्यालाच राह्यलं, पार्सलनं येणार हाये." कधी वॉलपेपरखाली जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली निघायची. ती कधी शाळेत गेली नव्हती. मोठ्या आशेनं म्हणायची, "वाच ना वं, काय लिव्हलं शे?" मी म्हणायची, "ताई, हे गुजराती आहे." "मंग चार वर्सं शाळेत काय केलं तू?" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. परक्या घरात मी एवढ्या मोठ्यानं फक्त तिच्यासोबत हसले.

नानपुऱ्यात एका जुन्या बंगल्याचं काम होतं. चुन्याचं प्लास्टर, अगदी मऊ. बेबीताई पाणी गरम करायला खाली गेली होती. एक पट्टी राहिली होती. तेवढी उरकून टाकावी म्हणून मी तिचा पत्रा उचलला आणि कोरड्यावरच घातला. तळहाताएवढा ढलपा निघाला, आत वीट दिसली. तेवढ्यात मुकेशभाई मालकाला घेऊन आत आले. ते ओरडायला लागले आणि मागून बेबीताई बादली घेऊन आली. तिनं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. बादली खाली ठेवली. "माझ्या हातनं झालं, शेठ." ते म्हणाले, "बुढ्ढी हो गई हो, घर बैठो अब." कुणाचं ऐकून न घेणारी बाई मान खाली घालून उभी राहिली. मी हातभर अंतरावर होते. पत्रा मी पदराखाली धरला होता.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "उद्या मिरचीचा ठेचा आण वं, तोंडाला चव नाही." पुढं चार वर्षं तिनं तो विषय काढला नाही. मी रोज ठरवायची, आज सांगू, ताई, माझं चुकलं. सांगायला काय लागत होतं? मधोमध हात लागायचे तेव्हा तरी सांगायचं.

तिचं तेरावं झालं आणि मुकेशभाईंनी नव्या कामावर बोलावलं. रिक्षात बसून मी वाक्य घोकत गेले. "शेठ, नानपुऱ्यातलं प्लास्टर मी फोडलं होतं. बेबीताईनं नाही." एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी फोन कानापासून दूर केला. "कौन सी दीवाल, बेन?" मी बंगला सांगितला, खोली सांगितली. त्यांनी आठवून पाहिलं. "कुछ याद नहीं. चलो, पानी गरम करो." ती भिंत लक्षात असलेली माझ्याशिवाय एकच बाई होती.

बेबीताईच्या सुनेनं तिचा पत्रा मला दिला. मुठीला हिरव्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला आहे आणि तिच्या अंगठ्याच्या जागी तो झिजलाय. माझा अंगठा तिथं बसत नाही. मी दारापासून सोलत निघते. अर्ध्यावर येते तोवर खिडकीकडचा कागद वाळून पुन्हा घट्ट बसलेला असतो. मुकेशभाई म्हणतात, "थोडा थोडा भिगाओ बेन, अब अकेली हो." मी मान हलवते. दुसऱ्या दिवशी पाणी गरम करते, कुंचा बुडवते आणि दारापासून थेट खिडकीपर्यंत भिजवत जाते.