एका बॅकच्या बदल्यात

भूकंपानंतर आमच्या हॉकी संघात गोल मारणारं कोणी उरलंच नाही. जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधन संस्थांमधले आम्ही दर रविवारी खेळायचो. दोघे फॉरवर्ड घाबरून मायदेशी गेले ते परतले नाहीत. हौशी लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल चालायची, म्हणून ट्रेनने तासाभरावरच्या कोतोच्या एका संघाला मी, कॅप्टन या नात्याने, विचारलं. त्यांनी दोन नावं पुढे केली.

एक चाळिशीचा, पळायला बेताचा, पण पास अचूक. त्याच्या बदल्यात आमचा कोतोतच राहणारा राखीव खेळाडू त्यांना चालणार होता, आणि तो तर उड्या मारत गेला असता. दुसरा पंचविशीचा, सुसाट. त्याच्या बदल्यात मात्र त्यांना आमचा बॅकच हवा होता.

हा बॅक माझा पुण्याचा मित्र, पोस्टडॉक. भूकंपाच्या आठवड्यातच बायको मुलीला घेऊन पुण्याला गेली होती. प्रयोगशाळेच्या इमारतीला तडे गेल्यामुळे प्रोफेसरांनी त्याला घरी बसून पेपर लिहायला सांगितलं होतं. आठवडाभर तो कोणाशी बोलत नसे. रविवारची मॅच आणि नंतर माझ्याकडचे पोहे, एवढंच त्याचं माणसांत येणं. हे मला पक्कं माहीत होतं.

तरी आम्ही काय केलं, तर एक्सेलचा तक्ता. शास्त्रज्ञ ना आम्ही! पोहे खाता खाता त्यानेच रकाने पाडले: गोल, वेग, दम, वय, सरावाची हजेरी. प्रत्येकाला गुण दिले. पोरगा चार गुणांनी पुढे आला.

"आकडे स्पष्ट आहेत," तो म्हणाला. "मला काय, रविवारी ट्रेन पकडेन."

"बघ हां, लांब पडेल," मी म्हणालो.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग लॅपटॉप मिटला आणि बशी विसळायला उठला. मी कोतोला मेल टाकली.

पोरगा खरंच चांगला निघाला. आम्ही जिंकत सुटलो आणि माझे रविवार त्या कौतुकात जाऊ लागले. मित्राला फोन करायचं मनात यायचं. नव्या संघात रमला असेल म्हणून राहून जायचं.

पावसाळा संपता संपता कोतोच्या कॅप्टनचा फोन आला. खूप आढेवेढे घेऊन त्याने विचारलं, "तुमचे मित्र पुन्हा तुमच्याकडे खेळतात का? आमच्याकडे दोनदाच आले. विचारणं बरं दिसेना."

मी सायकल काढली. तीन वेळा बेल वाजवल्यावर दार उघडलं. दाढी वाढलेली, गाल बसलेले. खोलीभर कचऱ्याच्या पिशव्या होत्या, जळाऊ कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, सगळ्यांना नीट गाठ मारलेली. खाली नेऊन ठेवायचं तेवढं त्याच्याने झालं नव्हतं.

"किती गोल मारले त्याने?" त्याने विचारलं.

"अकरा."

"मग तक्ता बरोबर होता."

त्याने दोन पिशव्या सरकवून मला बसायला जागा केली. मला स्वतःची शिसारी आली. तरी मी म्हणालो, "अरे, जायचं नव्हतं तर सांगायचंस ना."

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "तू नको म्हणशील म्हणून."